‘यांच्यापेक्षा कंपनीचे ब्रेक बरे’ या रिव्ह्यूला गॅरेजकडून उत्तर

नमस्कार सर,

रिव्ह्यू वाचला. इतरांना संदर्भ कळावा म्हणून थोडक्यात सांगतो. तुमच्या पोलो १.० टीएसआय मॅन्युअलला आम्ही पुढचे ट्रॅक पॅड, स्टीलच्या ब्रेक लाइन, नवीन ब्रेक ऑइल आणि कॅम्बर प्लेट (पुढच्या चाकांचा उभा कल, म्हणजे कॅम्बर, बदलता येणाऱ्या) बसवल्या. तुमची तक्रार अशी की ब्रेक सिग्नलला किंचाळतात, चेन्नईच्या ट्रॅकवर पेडल खाली बसलं, पुढचे टायर आतून झिजले आणि ‘पॉवर मागितली तर ब्रेक गळ्यात मारले, वर कागदावर सही घेतली’. एक स्टार.

पेडलचं आधी बोलू. बाकी सगळं पैशांचं आहे, हे जिवाचं आहे.

ट्रॅकवर ब्रेक दोन तऱ्हेने जातात. पॅड प्रमाणाबाहेर तापला तर पेडल कडकच राहतं, पाय पूर्ण दाबला तरी गाडी मात्र थांबत नाही. ऑइल उकळलं तर त्यात वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पेडल मऊ पडून खाली जातं. तुम्हीच लिहिलंय, ‘पेडल जमिनीला टेकलं, दोनदा पंप केल्यावर थोडं वर आलं’. म्हणजे पॅड ठीक होते, ऑइल उकळलं.

आता आम्ही भरलेलं ऑइल कोणतं, तर डॉट ५.१ (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलची प्रत). जॉब कार्डवर लिहिलेलं आहे. ताज्या डॉट ५.१ चा उत्कलनबिंदू किमान २६० अंश असावा लागतो, डॉट ४ चा २३०. पण हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं आणि पाणी ३.७ टक्क्यांवर गेलं की याच मर्यादा १८० आणि १५५ वर येतात. रोजच्या साध्या वापरात ते सहसा जाणवत नाही. चेन्नईच्या त्या ट्रॅकवर, म्हणजे इरुंगट्टुकोट्टईला, ३.७ किलोमीटरच्या लॅपमध्ये १२ वळणं आहेत, तिथे लॅपमागून लॅप ब्रेक मारताना कॅलिपरला (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) थंड व्हायला उसंत मिळत नाही.

मग आमचं ऑइल गेलं कुठे? उत्तर तुमच्याच रिव्ह्यूत आहे: ‘मधे क्लच दुसरीकडे निम्म्या पैशात बदलून घेतला.’ सर, तुमच्या गाडीचा क्लच हायड्रॉलिक आहे आणि त्याला ऑइल ब्रेकच्याच टाकीतून जातं. क्लचची लाइन सोडली की परत जोडताना हवा काढावी लागते, टाकी खाली जाते, आणि मग हाताशी असेल त्या बाटलीतून ती भरली जाते. डॉट ४ आणि ५.१ एकमेकांत मिसळतात, सील वगैरे काही खराब होत नाही, पण बाटली बरेच दिवस उघडी असेल तर तिच्यातलं पाणीही सोबत येतं. ट्रॅकवरून आल्यावर तुमच्यासमोर टाकीत ऑइलमधलं पाणी तपासणारा टेस्टर बुडवला तेव्हा लाल दिवा लागला. तुम्ही त्याचा फोटोही काढलात, रिव्ह्यूला मात्र तो जोडलेला दिसला नाही.

त्या गॅरेजवाल्यांना मी दोष देत नाही. ही गाडी ट्रॅकवर जाणार आहे हे त्यांना कोणी सांगितलं असतं तर त्यांनीही विचारून ऑइल भरलं असतं.

किंचाळण्याबद्दल. ट्रॅक पॅडचं मिश्रण जास्त तापमानासाठी बनवलेलं असतं. गार असताना ते कमी पकडतात, आवाज करतात, वर डिस्कही खातात. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये ते कधी तापणारच नाहीत. म्हणून मूळ पॅड नाव लिहिलेल्या बॉक्समध्ये घालून तुमच्या डिकीत ठेवले होते आणि परत आलात की बदलून घ्या असं सांगितलं होतं. तासाभराचं काम आहे. घरी करणार असाल तर पिस्टन मागे ढकलताना टाकीवर लक्ष ठेवा, ऑइल वर येऊन सांडतं आणि रंग उडवतं.

टायर ट्रॅकवर झिजले नाहीत, परतीच्या हायवेवर झिजले. तुम्ही पॅडॉकमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करतात तिथे) स्वतः कॅम्बर वाढवलात. कॅम्बर बदलला की टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत ते, पण बदलतो, आणि अलाइनमेंट न करता तुम्ही तसेच पुण्यापर्यंत आलात. टायर आतून जातो तो मुख्यतः टोमुळे, नुसत्या कॅम्बरमुळे इतक्या लवकर नाही.

ब्रेक ‘गळ्यात मारले’ हे मात्र मान्य, आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्याही मारणार. ११० पीएसची गाडी पहिल्याच ट्रॅक डेला कमी पडली असं सांगणारा मला अजून भेटायचाय. रीमॅप (पॉवर वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं) तुम्ही बाहेर केलात, क्लच घसरायला लागला त्यानंतर. त्यावर जास्त बोलत नाही.

सहीचा कागद यासाठी की वाहन विम्याच्या पॉलिसीत शर्यत आणि स्पीड टेस्टिंग वगळलेलं असतं, हे निम्म्या लोकांना ट्रॅकच्या गेटवर कळतं. शिवाय रस्त्यावरच्या गाडीत कंपनीच्या मूळ रचनेबाहेरचे बदल चालणार नाहीत असं सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये सांगितलं आहे. हे आम्ही तोंडी सांगायचो. आता लिहून देतो, कारण तोंडी सांगितलेलं कोणाला आठवत नाही.

वापरलेल्या पॅडचे पैसे परत मिळणार नाहीत. गाडी घेऊन या. पूर्ण ऑइल काढून चारही चाकांचं आणि क्लचचं ब्लीडिंग (लाइनमधली हवा काढणं) करून देतो, त्याला लेबर लावणार नाही, ऑइलचे पैसे तेवढे द्यावे लागतील. मूळ पॅडचा बॉक्स आणा, तेही त्याच वेळी बसवू. शनिवार सोडून कधीही चालेल, फक्त आदल्या दिवशी फोन करा, म्हणजे ऑइलची सीलबंद बाटली मागवून ठेवतो आणि तुमच्यासमोरच उघडतो.