नुसतं 'हो' म्हणायचं होतं

पोलिसांच्या वायरलेसवर निरोप देणं एकवेळ जमतं, पण 'मिळाला' एवढं सांगणं महाकठीण, असं माझं ठाम मत आहे. घरात कोणी हाक मारली की 'हूं' म्हटलं तरी भागतं. 'हूं'मध्ये ऐकलं, कळलं आणि करतो (बहुधा उद्या) हे सगळंच येतं. वायरलेसला मात्र या तिन्हींचा हिशेब वेगवेगळा लागतो.

'रॉजर' म्हणजे निरोप पूर्ण मिळाला. बस्स. त्यात होकार नाही, वचन तर मुळीच नाही. मोर्सच्या काळात 'रिसीव्ह्ड'साठी नुसतं आर हे अक्षर टकटकवत, आणि बोलून सांगायची वेळ आली तेव्हा उच्चारमालेत (अक्षरं शब्दांनी सांगायच्या यादीत) आर म्हणजे रॉजर होता. १९५६ साली त्या आरचा रोमिओ झाला, पण कंट्रोलला, म्हणजे नियंत्रण कक्षाला, 'रोमिओ' म्हणायला कोणी धजावलं नाही, हे बरंच झालं. 'विल्को' म्हणजे ऐकलं आणि करतोही. म्हणून 'रॉजर विल्को' म्हणजे पिवळा पीतांबर. 'ओव्हर अँड आऊट' तर त्याच्याही वरताण. ओव्हर म्हणजे 'आता तू बोल' आणि आऊट म्हणजे 'संपलं माझं'. पाहुण्याला 'बसा ना' म्हणत दिवा घालवण्यातला प्रकार.

अमेरिकेतल्या 'टेन-फोर'ची, म्हणजे तिकडच्या 'मिळाला'ची, गोष्ट मला जास्त आवडते. इलिनॉय राज्याच्या पोलिसांतले चार्ल्स हॉपर यांनी १९३७ मध्ये ही आकड्यांची भाषा काढली. त्या वेळी गाडीतल्या सेटला वीज पुरवणारी मोटर बोलायचं बटण दाबल्यावर गती घ्यायला क्षणभर घ्यायची, आणि तेवढ्यात पहिला शब्द हवेत विरायचा. मग पुढे 'टेन' हा बळीचा बकरा उभा केला. तो गेला तरी 'फोर' पोहोचतो!

मोटर गेली, खोड राहिली. अंगठा आणि जीभ एकदमच सुटतात, आणि मधल्या रिपीटरला (आवाज पकडून पुढे पाठवणाऱ्या यंत्राला) जागं व्हायलाही थोडा वेळ लागतो. म्हणून बटण दाबा, सेकंदभर थांबा, मग बोला. ट्रंकिंगचा सेट (ज्याला मोकळा चॅनल यंत्रणाच नेमून देते) असेल तर 'बीप' येईपर्यंत तोंड बंद. माइक ओठांपासून चार-पाच सेंटिमीटरवर, जरा तिरपा, नाहीतर 'प' आणि 'फ'चे फटाके फुटतात. बोलून झाल्यावर अंगठा लगेच उचलायचा नाही. मराठीत तर मुळीच नाही, कारण आपला नकार शेपटीत असतो. 'आत जाऊ नका' मधला 'नका' कापला गेला की पलीकडे काय ऐकू येतं आणि ते ऐकून कोण कुठे शिरतं, याची कल्पना करा.

त्यावर तोडगा म्हणजे निरोप परत वाचून दाखवणं. पत्ता, गाडीचा नंबर, दिशा, सगळं परत म्हणायचं, आणि आकडे एकेक सुटे. 'रॉजर' ऐकून गाडीचा नंबर बरोबर लिहिला गेला की नाही हे कळत नाही. काही जण तेवढंही करत नाहीत, बटण दोनदा दाबून सोडतात. खट्-खट्. म्हणजे 'कळलं'. पण खट्-खट् कोणाचं? आवाजाला नाव नाही. कंट्रोलला वाटतं पहिल्या गाडीने घेतलं, पहिलीला वाटतं दुसरीने, आणि निरोप तसाच लोंबकळत राहतो. आधी आपला कॉलसाइन (वायरलेसवरचं आपलं नाव), मग 'रॉजर', यात दोन सेकंदही जात नाहीत.

दोघांनी एकदम उत्तर दिलं तर साध्या एफएम सेटवर जोरकस सिग्नल जिंकतो. दोघे तुल्यबळ निघाले तर नुसतीच किंचाळी. हरलेल्याला हे कळतही नाही, कारण बोलताना त्याचा स्वतःचा कान बंद असतो. तो समाधानाने वही मिटतो.

पण खरा कळस म्हणजे माइकवर बसणारा माणूस. गाडीच्या सीटवर माइक, माइकवर साहेब, बटण दाबलेलं. आता सगळा चॅनल त्यांचं गुणगुणणं आणि वरिष्ठांविषयीचं मत ऐकतो आहे, आणि 'उठा' असं त्यांना सांगता येत नाही, कारण ऐकू येण्यासाठी आधी बटण सुटावं लागतं. शेवटी सेटमधला टाइमर, बहुधा मिनिटभराचा, दया येऊन प्रसारण तोडतो. साहेब दचकून माइक हातात घेतात आणि विचारतात, "कंट्रोल, आमच्यासाठी काही निरोप?"