खुलासा : नाथांच्या भारुडातला विंचू कोणता?

‘विंचू चावला तर एकनाथ महाराजांचं भारूड म्हणा, अंगारा लावा, खुद्द पैठणचा उतारा आहे’ असा मेसेज आपल्या मराठवाड्यातल्या ग्रुपांवर फिरतोय. तो चुकीचा आहे.

विंचू कोणता हे नाथांनी सुरुवातीलाच सांगून टाकलंय : ‘काम क्रोध विंचू चावला’. अंगाराही चुलीतला नाही, ‘सत्त्वगुण लावा अंगारा’. ‘तमोगुण मागे सारा’ असं कुठला मांत्रिक सांगतो? डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूला मनाचा गुण चिकटला की रूपक समजावं.

शेवटी उतारा देऊनही ‘किंचित राहिली फुणफुण’, ती ‘शांत केली जनार्दनें’. हा जनार्दन म्हणजे देव, आणि देवगिरीवरचे नाथांचे गुरू जनार्दनस्वामीही. स्वामी माहीत नसतील तर ओळ अर्धीच कळते.

पण म्हणून शब्दाशब्दात गूढ शोधत बसू नका. फुणफुण अगदी खरी आहे. काडीकचरा वेचताना ज्याला नांगी बसली त्याला विचारा.

आणि खरा विंचू चावला तर तडक सरकारी दवाखाना गाठा. लाल विंचवाच्या विषावर प्राझोसिन नावाचं औषध आहे, ते डॉक्टरांच्याच हातून घ्यायचं.