पंप बसले, पुढे बिल कोण भरणार?

‘निधी वेळेवर मिळाला की प्रकल्प मार्गी लागतो’ हे सिंचन प्रकल्पांचे टप्पे मांडणाऱ्या एका लेखातलं वाक्य सांगली जिल्ह्यात बसून वाचवत नाही. म्हैसाळ उपसा योजनेचे पंप बसले, कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्याने वर चढून मिरज, कवठेमहांकाळ, जतकडे जाऊ लागलं. मग पंपांच्या थकलेल्या वीजबिलापायी आवर्तनं (पाणी सोडण्याच्या पाळ्या) अडली. टंचाईच्या वर्षी तर पंप जागेवर, नदीत पाणी आणि सगळी चर्चा बिल कोण भरणार यावर! अखेर ८१ टक्के बिल शासनाने आणि १९ टक्के शेतकऱ्यांनी, असं ठरलं. पण हा हिशेब पंपाची पहिली कळ दाबण्याआधीच व्हायला नको होता का? उपसा योजनेत वीज हा कायमचा खर्च आहे, हे आराखडा करणाऱ्याला ठाऊक नसेल असं कसं म्हणायचं?

दुसरं म्हणजे वसुली. आमच्याकडे ऊसवाल्याची पाणीपट्टी साखर कारखाना उसाच्या बिलातूनच कापून घेतो, त्यामुळे ती निमूट भरली जाते (कुरकुर होते, पण भरली जाते). द्राक्ष, डाळिंब किंवा ज्वारीवाल्याकडून ती कुणी आणि कधी घ्यायची? पाणी मुख्य कालव्यात येणं आणि चारीतून (शेतापर्यंतच्या छोट्या पाटातून) शेवटच्या शेतात पोचणं यात तर कैक वर्षं जातात, कारण चारीची जमीन भावकीतल्या कुणाची तरी असते. टेंभू या दुसऱ्या उपसा योजनेकडे बंदिस्त नळातून वाटप सुरू झालं, तिथे हा तंटा बराच टळतो. त्या लेखाच्या लेखकांच्या तक्त्यात उद्घाटनापर्यंतचे सगळे टप्पे आहेत. त्यानंतरचा रकाना मात्र दिसला नाही.