पगाराला पैसे देणारा दाता

आमच्याकडे थंडीत खोबरेल तेल गोठायचं. आई पॅराशूटची निळी बाटली सकाळी ओट्याच्या कोपऱ्यावर उन्हात ठेवायची आणि शाळेला निघेपर्यंत तेल कडेकडेने सुटायला लागायचं. त्या तेलामागच्या माणसाबद्दल, हर्ष मारीवाला यांच्याबद्दल, खूप दिवसांपासून लिहायचं मनात होतं. पण तेलासाठी नाही.

उद्योजक म्हणून त्यांची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल. घरचा धंदा बॉम्बे ऑइलचा. १९७१ मध्ये ते त्यात शिरले, १९९० मध्ये पॅराशूट विकणारी मॅरिको ही कंपनी वेगळी उभी केली आणि २०१४ मध्ये व्यवस्थापकीय संचालकपद घराबाहेरच्या माणसाच्या हाती दिलं. या सगळ्यात मला उंदरांची गोष्ट फार आवडते. खोबरेल तेल तेव्हा पत्र्याच्या डब्यात मिळायचं. मारीवालांना प्लास्टिकची बाटली आणायची होती, पण दुकानदार ऐकेनात. आधी कोणीतरी चौकोनी बाटल्या आणल्या होत्या, त्या उंदरांनी कुरतडल्या आणि दुकानभर तेल झालं होतं. यांनी त्या भीतीला खुळी म्हटलं नाही. उंदराला दात रोवता येऊ नये म्हणून गोल बाटली केली, थेंबही बाहेर राहणार नाही याची काळजी घेतली, मग बाटल्या उंदरांच्या पिंजऱ्यात ठेवून बघितल्या आणि त्याचे फोटो दुकानदारांना दाखवले. समोरच्याची अडचण खरी मानायची आणि तिथून कामाला लागायचं, ही सवय मला त्यांच्या पुढच्या कामातही दिसते.

ते पुढचं काम म्हणजे मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्ह. गेली दहाएक वर्षं हे काम फक्त मानसिक आरोग्यासाठी चाललंय. आणि यातला पैसा कंपनीच्या सीएसआरचा नाही, म्हणजे समाजासाठी कायद्याने नफ्यातून काढावे लागतात त्या दोन टक्क्यांतला नाही. तो त्यांचा स्वतःचा आहे.

आता मला हे इतकं मोठं का वाटतं ते सांगते. मी सोळा वर्षं एका छोट्या संस्थेचे हिशेब बघते. देणगी मागायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला: "पगारावर किती जातात?" इमारतीला पैसे मिळतात, रुग्णवाहिकेला मिळतात, कोनशिलेवर नाव लागतं. पण मानसिक आरोग्यात इमारत कशाची दाखवणार? तिथे खर्च म्हणजे माणूस. दुसऱ्याचं ऐकून घेणारा, त्यासाठी शिकलेला, दर महिन्याला पगार लागणारा माणूस. एका कंपनीच्या साहेबांनी आमचा प्रस्ताव वाचून "यात दिसण्यासारखं काय आहे?" असं विचारलं होतं. मी गप्प बसले. उत्तर घरी होतं.

माझा धाकटा भाऊ तेव्हा दीड वर्ष झोपत नव्हता. नोकरी सुटली होती, आणि नातेवाईक "आळशीपणा" म्हणत होते. एका रात्री मी पाणी प्यायला उठले तर हा गॅलरीत उलट्या बादलीवर बसून हेल्पलाइनवर बोलत होता. बोलत कसला, बराच वेळ नुसता रडत होता आणि पलीकडचं माणूस फोन ठेवत नव्हतं. चाळीस मिनिटं. मी दाराआड उभी होते. दुसऱ्या दिवशी तो आपणहून म्हणाला, "ताई, डॉक्टरकडे जाऊ या." त्या चाळीस मिनिटांचा पगार कोणीतरी भरला होता, हे मला तेव्हा कळलं.

मारीवालांच्या पैशातून नेमकं हेच झालं. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची 'आयकॉल' ही हेल्पलाइन २०१२ पासून चालते, तिला त्यांनी बळ दिलं. तिथे फोनवर प्रशिक्षित समुपदेशक असतात आणि फोन करणाऱ्याला एक रुपया लागत नाही.

त्याहून मला जवळची वाटते ती 'आत्मीयता' ही गावातली मानसिक आरोग्याची योजना. पुण्यातल्या डॉ. सौमित्र पाठारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती आधी आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या ४१ गावांत केली आणि मग मारीवालांच्या मदतीने गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात नेली. गावातल्याच बायामाणसांना शिकवायचं: कोण गप्प झालंय, कोणी कामावर जाणं सोडलंय, ते ओळखा. मग त्या माणसाला चार ते सहा वेळा भेटायचं, ऐकायचं, मोबाइलवर छोट्या फिल्म दाखवायच्या, दिवसाचं एखादं काम ठरवून द्यायचं. त्रास मोठा असेल तर डॉक्टरकडे न्यायचं. आणि पेन्शन अडलेली असेल तर तिचा अर्जही भरून द्यायचा, कारण पुष्कळदा दुःखाच्या मुळाशी अडलेले पैसे असतात. आपल्या देशात लाखामागे एकसुद्धा मानसोपचारतज्ज्ञ नाही, तिथे अशा माणसांशिवाय चालणारच नाही. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगभरातल्या चांगल्या उदाहरणांत 'आत्मीयता'चा समावेश केला.

समलिंगी आणि ट्रान्स माणसांशी समुपदेशकांनी कसं बोलावं, याचाही अभ्यासक्रम मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्ह चालवतं. या विषयाला हात लावायला आपल्याकडे दाते कचरतात, म्हणून तो मुद्दाम सांगितला.

कोणी म्हणेल, हे सरकारचं काम आहे. आहेच. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा उपचार हा हक्क मानतो, आणि सरकारची टेलिमानस ही १४४१६ क्रमांकाची सेवाही आहे. गरज असेल त्याने आजच फोन करा. पण एखादी पद्धत गावात चालते का, हे पदरचे पैसे घालून, आठ-दहा वर्षं धीर धरून दाखवायला कोणीतरी लागतं. आपल्याकडे श्रीमंत कमी नाहीत. त्यांच्यातल्या आणखी दहा जणांनी तरी पगाराला पैसे द्यावेत, एवढंच माझं मागणं आहे.

पूर्वी मी प्रस्तावात पगाराची रक्कम 'कार्यक्रम खर्च' या नावाखाली लपवत असे. या मार्चला पहिल्याच ओळीत लिहिलं: समुपदेशक, दोन, बारा महिने.