बाटलीवर शेतकऱ्याचं नाव कुठे आहे?

शॅम्पेनच्या लेबलावर अगदी तळाशी, बारीक टायपात एक नोंदणी क्रमांक छापलेला असतो. त्याच्याआधी दोन अक्षरं असतात. 'एनएम' असेल तर ती वाईन द्राक्षं विकत घेणाऱ्या व्यापारी घराण्याची, म्हणजे बहुतेक मोठ्या नावांची. 'सीएम' म्हणजे सहकारी संस्थेची. आणि 'आरएम' म्हणजे ज्याची बाग, त्यानेच केलेली. फ्रान्सच्या शॅम्पेन भागातल्या रँस शहरात राहायला आल्यावर शेजाऱ्यांनी मला आधी ही अक्षरं बघायला शिकवलं, चव वगैरे सगळं नंतर.

माझं माहेर निफाड तालुक्यातलं. घरची द्राक्षबाग आहे, दादा अजून तीच करतो. म्हणून नाशिकच्या वाईनवरून महाराष्ट्रात वाद पेटला की मला दोन्हीकडचं दिसतं, आणि आपल्या वादात या दोन अक्षरांबद्दल कुणीच बोलत नाही हेही दिसतं.

२०२२ च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं. द्राक्ष उत्पादकांचं भलं व्हावं, हे कारण सांगितलं गेलं. विरोधकांनी 'महाराष्ट्राचं मद्यराष्ट्र करायला निघालेत' म्हणून रान उठवलं, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला. बाजूने बोलणारे म्हणाले, वाईन म्हणजे दारू नव्हे. मग हरकती-सूचना मागवल्या गेल्या आणि निर्णय बासनात गेला. पण वाद गेला नाही. आमच्या घरच्या ग्रुपवर अजूनही निम्मे 'शेतकऱ्याचा फायदा' म्हणतात, निम्मे 'पोरं बिघडतील'.

'वाईन म्हणजे दारू नव्हे' हे वाक्य आधी सोडून द्यायला हवं. गणित सोपं आहे. साडेसातशे मिलीच्या बाटलीत बारा टक्के अल्कोहोल धरलं, तर शुद्ध अल्कोहोल नव्वद मिली होतं. व्हिस्कीच्या एकशे ऐंशीच्या क्वार्टरमध्ये, ४२.८ टक्क्यांनी, ते सत्त्याहत्तर मिली भरतं. म्हणजे वाईनची एक बाटली क्वार्टरपेक्षा जड आहे, मग ती कितीही देखण्या ग्लासातून प्या. ज्या राज्यात बायकांना दुकान बंद करायला 'उभी बाटली, आडवी बाटली' असं मतदान घ्यावं लागतं, ज्या गडचिरोलीने १९९३ मध्ये लढून दारूबंदी आणली, तिथल्या भीतीला मागासलेपणा म्हणण्याचा हक्क परदेशात बसलेल्या आमच्यासारख्यांना तर मुळीच नाही.

'फ्रान्समध्ये बघा, तिथे लोक पाण्यासारखी पितात आणि मजेत असतात,' हा दाखला मला वारंवार ऐकवला जातो. मी इथे राहते, म्हणून सांगते: तो खरा नाही. शाळेच्या जेवणात चौदा वर्षांखालच्या मुलांना वाईन देणं या देशाने १९५६ मध्ये बंद केलं. तोवर ती मिळत असे. १९९१ च्या एव्हँ कायद्याने टीव्हीवरून आणि चित्रपटगृहांतून दारूच्या जाहिराती हद्दपार केल्या, आणि त्यात शॅम्पेनला सूट दिली नाही. फ्रान्सच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेच्या अंदाजानुसार २०१५ या एका वर्षात दारूमुळे ४१ हजार माणसं गेली. माणशी वाईन पिण्याचं प्रमाण १९६० च्या आसपास वर्षाला शंभर लिटरच्या वर होतं, ते आता निम्म्याच्याही खाली आहे. २०२३ मध्ये तर शिल्लक राहिलेली वाईन नष्ट करण्यासाठी सरकारला वीस कोटी युरो बाजूला काढावे लागले. वाईनचा अभिमान बाळगणारा हा देश तिला दारूच मानतो आणि दारूसारखंच बांधून ठेवतो.

मग इथून घेण्यासारखं काय आहे? भरपूर आहे, आणि ते बागेपासून सुरू होतं.

शॅम्पेनमध्ये यंत्राने काढणी करायला बंदी आहे. घड हातानेच काढायचे, कारण मणी फुटला की साल रंग सोडते, आणि इथल्या तीन मुख्य जातींपैकी पिनो न्वार आणि म्यूनिए या दोन काळ्या सालीच्या आहेत. तिसरी शार्दोने, पांढरी. काळ्या द्राक्षातून पांढरी वाईन काढायची तर हलक्या हातानेच पिळावं लागतं. चार हजार किलोंचा एक घाणा. त्यातून आधी निघणारा २०५० लिटर रस उत्तम, पुढचा ५०० लिटर दुय्यम, आणि त्यानंतर कितीही पिळलं तरी निघेल तो रस शॅम्पेन म्हणून विकता येत नाही. काढणीच्या दिवसांत आमच्या शेजारच्या गावातल्या घाण्याजवळ मी उभी राहते, तेव्हा रस कुठे थांबवायचा हे पाहणारा माणूस मापाच्या टाकीवरून नजर हलवत नाही. पुढे बाटलीतच साखर आणि यीस्ट घालून दुसऱ्यांदा आंबवण होते, आत सहा बारच्या आसपास, म्हणजे मोटारीच्या टायरच्या जवळपास तिप्पट दाब तयार होतो. तळघरात साध्या शॅम्पेनलाही किमान पंधरा महिने, बाटलीवर पिकाचं वर्ष छापायचं तर तीन वर्षं. बाटल्या मान खाली करून हळूहळू फिरवत गाळ तोंडाशी आणायचा, मान गोठवून तो उडवायचा, मग बूच. फिरवण्याचं काम आता बहुतेक ठिकाणी यंत्रं करतात.

आपल्याला हे परकं नाही. नारायणगावला शामराव चौगुल्यांच्या कंपनीने १९८० च्या दशकात शॅम्पेनमधल्या तंत्रज्ञांची मदत घेऊन 'ओमर खय्याम' ही स्पार्कलिंग वाईन केली आणि परदेशात विकली. नाशिक जिल्ह्यात २०१३ पासून मोएत हेनेसी या फ्रेंच कंपनीची 'शाँदों' याच पद्धतीने होते. शॅम्पेन हे नाव मात्र तिला लावता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

लाल वाईनसाठी खाली बर्गंडीत जावं. तिथे पिनो न्वार सालीसकट आंबवतात, रंग आणि तुरटपणा सालीतूनच येतो. १३९५ मध्ये ड्यूक फिलिपने गामे ही भरघोस पिकणारी जात उपटायचा हुकूम काढला होता, पिनो टिकावी म्हणून. आज तिथे १२४७ 'क्लिमा' आहेत, म्हणजे नाव असलेले, बांध घातलेले जमिनीचे तुकडे. २०१५ मध्ये युनेस्कोने त्यांना वारसा यादीत घेतलं. क्लो द वूजो हा भिंतीआतला पन्नास हेक्टरचा मळा ऐंशीएक मालकांत वाटलेला आहे, आणि प्रत्येकाच्या बाटलीवर मळ्याचं नाव आणि खाली करणाऱ्याचं नाव. आमच्या वावरांनाही नावं आहेत: चिंचेचं, नाल्याकाठचं, वरची मळई. तिथल्या मातीत काय पिकतं हे दादाला डोळे मिटून सांगता येतं. पण द्राक्षं ट्रॅक्टरमधून कंपनीच्या दारात उतरली की सगळी एकच होतात.

हे इथल्या शेतकऱ्याला कुणी आयतं दिलं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शॅम्पेनची घराणी दुसऱ्या भागांतून स्वस्त द्राक्षं आणून त्यावर शॅम्पेनचं लेबल लावत होती. १९१० चं पीक गेलं, आणि १९११ मध्ये बागायतदार रस्त्यावर उतरले. एप्रिलमध्ये आयी या गावात घराण्यांच्या इमारती पेटल्या, वाईन रस्त्यावर वाहिली, सैन्य आलं. शॅम्पेन भागाच्या सीमा पक्क्या करणारा कायदा १९२७ मध्ये झाला. १९४१ मध्ये समिती स्थापन झाली, तिथे बागायतदार आणि घराणी बरोबरीने बसतात. हेक्टरी किती किलो काढायचं हे तीच दर वर्षी काढणीआधी ठरवते. २०२४ मध्ये दहा हजार, २०२५ मध्ये नऊ हजार. द्राक्षांचे पैसे ठरलेल्या तारखांना, चार हप्त्यांत. जवळपास नव्वद टक्के बागा अजून शेतकऱ्यांच्याच ताब्यात आहेत.

आता निफाड. दर हंगामात कुठला ना कुठला व्यापारी माल उचलून पसार झाल्याची बातमी असते. वाईन कंपन्यांच्या पहिल्या लाटेत दादाने एका कंपनीच्या शब्दावर दोन एकरांत वाईनची जात लावली. पुढे मंदी आली, पैसे अडकले, आणि चांगली धरलेली बाग उपटून त्याने पुन्हा खायची द्राक्षं लावली. तालुक्यात तसं करणारा तो एकटा नव्हता. २०२२ च्या निर्णयात शेल्फ केवढं असावं, शाळा आणि देवळापासून दुकान किती दूर असावं हे होतं. या माणसाचे पैसे कोण आणि कधी देणार, हे नव्हतं. त्याच्या नावाने निर्णय झाला आणि त्याच्याच नावाने तो अडवला गेला.

इथलं सगळं चांगलं, असं मात्र मी म्हणणार नाही. २०२३ च्या काढणीत शॅम्पेनमध्ये कडक उन्हात मजूर दगावले, आणि त्याच हंगामात परदेशी मजुरांना घाणेरड्या जागेत कोंबून राबवल्याबद्दल तिघांना २०२५ मध्ये मानवी तस्करीची शिक्षा झाली. पेठ-सुरगाण्याहून आपल्या बागांत मजुरीला येणाऱ्या कुटुंबांचं काय, हा प्रश्न दादालाही विचारायला हवा, आणि मी विचारते.

वाईनचा निर्णय पुन्हा आला, तर माझी हरकत दुकानाला नसेल. दुकानाला दारूचेच सगळे नियम लावा, जाहिरात पूर्ण बंद ठेवा, गावातल्या बायकांचं मत तिथेही मोजा. पण त्याआधी बाटलीवर गाव आणि बागायतदाराचं नाव छापणं सक्तीचं करा, आणि बागायतदार व कंपन्यांची बरोबरीची समिती नेमा. तिने किमान भाव आणि हप्त्यांच्या तारखा फळछाटणीच्या आधी जाहीर कराव्यात, कारण एकदा कात्री लागली की त्या वर्षी दादाच्या हातात काहीच उरत नाही.