क्लाउडवर काय न्यायचं आणि बिलावर सही कुणी करायची

सरकारी कामं भाड्याच्या क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून भाड्यानं मिळणाऱ्या दूरच्या संगणकांवर, न्यायची का, यावर बापू, पक्या आणि ताईचा वाद चालला होता. बापूचं म्हणणं साधं होतं. सरकारचा डेटा सरकारच्याच इमारतीत हवा. "२०१४ ला मेघराज हा सरकारी क्लाउड सुरू केला तो कशाला? एनआयसीचा, म्हणजे केंद्राच्या संगणक खात्याचा क्लाउड आहे, राज्याचं डेटा सेंटर आहे. मग बाहेरच्या कंपन्यांचं मीटर कशाला लावून घ्यायचं?"

"इमारत सरकारी होती म्हणून कोरियाचं काय वाचलं?" पक्यानं लगेच धरलं. "देजॉन, २६ सप्टेंबर २०२५. सरकारी डेटा सेंटरमधल्या यूपीएसच्या लिथियम बॅटऱ्या पेटल्या आणि ७०९ सरकारी यंत्रणा ठप्प. सरकारी नोकरांच्या फायली ठेवायची जी-ड्राइव्ह होती ना, तो ८५८ टीबी साठा जळाला तो जळालाच. एवढ्या मोठ्या साठ्याचा बाहेर बॅकअपच नव्हता. आणि तोही क्लाउडच होता, बापू. सरकारी."

"मग चूक बॅकअपची झाली, मालकीची नाही."

हे बापूचं बरोबर होतं, पण त्यानं पक्याचा मुद्दाही मोडत नव्हता. ताई इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "मालकी राहू दे बाजूला. कामाचा भार कसा येतो ते सांगा. वर्षाचे ८,७६० तास. त्यातले सात हजार तास यंत्र खरंच राबणार असेल तर विकत घ्या. पाचशेच तास राबणार असेल तर भाड्यानं घ्या."

पक्याला हेच हवं होतं. "म्हणजे दहावीचा निकाल! पंधरा लाखांवर पोरं, दुपारी एकाच मिनिटाला सगळे तुटून पडतात. वेब सर्व्हर आपोआप वाढवायचे, तासाभरानं उतरवायचे."

"आणि डेटाबेसचं काय?" ताईनं विचारलं. "चाळीस सर्व्हर उभे केलेस, प्रत्येकानं वीस जोडण्या उघडल्या. झाल्या आठशे. पोस्टग्रेस या डेटाबेसची मूळ मर्यादा शंभर. पुढची फौज वाढली तेवढी मागची रांग लांबली. साइट पडते ती इथे, आणि लोक म्हणतात सर्व्हर कमी पडले."

मर्यादा नुसती वाढवूनही भागत नाही, कारण प्रत्येक जोडणी मेमरी खाते. मध्ये जोडण्या वाटून देणारा पूलर बसवावा लागतो. पण इथे त्याचीही गरज नाही, असं पक्याचं म्हणणं पडलं. निकाल जाहीर झाला की त्या दिवशी तो बदलत नाही. मग डेटाबेसला विचारायचंच कशाला? आदल्या रात्री प्रत्येक मुलाची एक छोटी फाइल बनवून सीडीएनवर, म्हणजे गावोगावी प्रती ठेवून वाटणाऱ्या सर्व्हरच्या जाळ्यावर टाकायची. चार केबीची एक धरली तर पंधरा लाख फायलींचे सहा जीबी. पेनड्राइव्हमध्ये मावेल एवढंच.

"फाइलचं नाव बैठक क्रमांक ठेवलंस तर कुणीही एकेक आकडा वाढवत अख्ख्या राज्याचे निकाल उचलेल," बापू म्हणाला. (बापूला तांत्रिक काही कळत नाही असं समजणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.)

"म्हणून," पक्या म्हणाला, "क्रमांक आणि आईचं नाव दोन्ही घ्यायचं, गुप्त किल्लीनं त्याचा हॅश, म्हणजे उलटा न ओळखता येणारा सांकेतिक आकडा काढायचा आणि तेच फाइलचं नाव. हॅश काढायचं काम आपल्या बाजूला, ब्राउझरमध्ये नाही. आणि सुनीता, मंगल, संगीता असं चाचपत बसणाऱ्याला मिनिटाला पाच प्रयत्नांनंतर थांबवायचं."

विज्ञानाकडे वळल्यावर मात्र पक्या एकटा पडला. पुण्यात पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत २०१८ साली प्रत्युष हा महासंगणक आला, चार पेटाफ्लॉप्सचा (एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला हजार लाख कोटी गणितं). २०२४ मध्ये अर्का, ११.७७ चा. हे भाड्याच्या क्लाउडवर का नको, याचं उत्तर ताईनं जाळीच्या हिशेबात दिलं. हवामानाच्या अंदाजासाठी नकाशावर आखलेली चौकोनांची जाळी १२ किलोमीटरवरून ६ वर आणली की बिंदू चौपट होतात, कालटप्पाही निम्मा करावा लागतो, म्हणजे काम आठपट. शिवाय प्रत्येक टप्प्याला प्रत्येक नोड, म्हणजे महासंगणकातला एकेक संगणक, शेजाऱ्याशी कडेचे आकडे बदलतो. एक नोड अडखळला की बाकीचे सगळे ताटकळतात. त्यामुळे नोडांमधलं जाळं इन्फिनिबँडसारखं वेगवान लागतं, आणि काम रोजचं, ठरल्या वेळेचं. भाड्यानं असं मिळतंही, पण वर्षभर सलग घेतलं तर विकत घेतल्याहून महाग पडतं.

"मग क्लाउडवर विज्ञान काहीच नाही?" पक्यानं विचारलं.

"आहे की," ताई म्हणाली. "एकमेकांवर न अवलंबणारे तुकडे. हजार छोट्या पाणलोटांची पूर-मॉडेलं सुटी सुटी चालवायची, तर कंपनीकडे रिकामी पडलेली सवलतीची यंत्रं घे. ती दोन मिनिटांच्या किंवा त्याहूनही कमी सूचनेवर काढून घेतात, म्हणून दर दहा मिनिटांनी चेकपॉइंट, म्हणजे तिथवरच्या कामाची नोंद लिही, आणि तो यंत्राच्या डिस्कवर नाही, बाहेरच्या साठ्यात. पण डेटा जड असेल तर गणित उलटतं. १०० टीबी एक गिगाबिटच्या लाइननं हलवायला, लाइन पूर्ण भरून चालली तरी, नऊ दिवस लागतात. आत टाकायला पैसे पडत नाहीत, बाहेर काढायला पडतात. जीबीला सात रुपये धर, सात लाख झाले." खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीसाठी २०२४ मध्ये परम रुद्र हा महासंगणक दिला तो याचसाठी, असं तिचं मत. जिथे निरीक्षणं येतात तिथेच गणनयंत्र हवं.

खरी खडाजंगी निविदेवर झाली. महाराष्ट्रानं सार्वजनिक क्लाउडचं धोरण जानेवारी २०१८ मध्येच जाहीर केलं. कंपनी केंद्राच्या मान्यताप्राप्त यादीतली हवी, एसटीक्यूसी या सरकारी तपासणी संस्थेचं ऑडिट हवं, डेटा भारतात हवा, हे सगळे घोकतात. पण यादीतल्या कंपनीच्या साठ्याला विभागानंच 'सार्वजनिक', म्हणजे कुणालाही उघडा, अशी खूण केली तर यादी काय करणार? आणि निविदेत "१६ कोअर, ६४ जीबी, बारा महिने" असा ठोक आकडा लिहिला की क्लाउडची लवचिकता तिथेच संपली. निकालाच्या एका दिवसासाठी वर्षभर भाडं.

पक्याची कलमं अशी: दर ठरवा, प्रमाण मोकळं ठेवा. दुसरी प्रत वेगळ्या भूकंप क्षेत्रात, मुंबईतल्याच दोन इमारतींत नको. सहा महिन्यांतून एकदा बॅकअपवरून कोऱ्या खात्यात अख्खी सेवा उभी करून दाखवा, नाहीतर त्या तिमाहीचं बिल अडवा. कूटलेखनाच्या किल्ल्या विभागाकडे. करार संपताना डेटा बाहेर काढायचा खर्च दरपत्रकातच.

"आणि निकालाच्या महिन्याचं बिल तिप्पट आलं की ऑडिट पॅरा, म्हणजे लेखापरीक्षकाचा आक्षेप, कुणाच्या नावावर?" बापू.

"वरची मर्यादा घाल."

"निकालाच्या दुपारी मर्यादा गाठली तर साइट बंद पाडू?"

"बंद नाही, ऐंशी टक्क्यांना इशारा. आणि वीस टक्के जादा खर्चाचा अधिकार एका अधिकाऱ्याला आधीच लेखी द्यायचा."

"त्या आदेशाला वित्त विभागाची संमती कोण आणणार, ते सांग."

पक्यानं ताईकडे पाहिलं. ती म्हणाली, "बापू, तूच मसुदा कर."