पाठीतलं इंजेक्शन मेंदूत चढतं?

"सिझरला पाठीत दिलेली सुई मज्जारज्जूत घुसते, औषध मेंदूत चढतं, तिथेच साचतं आणि कंबर जन्माची जाते." जळगाव-धुळ्याकडच्या घरोघरच्या ग्रुपांवर हा मेसेज फिरतोय. परवा एका सासूबाई तो मोबाइलवर दाखवत म्हणाल्या, सुनेला पूर्ण बेशुद्धच करा. मी भूलतज्ज्ञ आहे. बाळंतिणीला अशा भीतीत टेबलावर यावं लागतं याचं मला फार वाईट वाटतं.

मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई त्याच्या खाली टोचतात, सहसा तिसऱ्या-चौथ्या मणक्यामधे. तिथे मणक्यातल्या पाण्यात, म्हणजे मज्जारज्जूभोवती असतो त्या द्रवात, नुसत्या सुट्या नसा असतात.

आता 'चढतं' याबद्दल. सिझरला बुपिवाकेन, म्हणजे बधिर करणारं औषध, लागतं साधारण दोन मिलिलिटर. त्यात मिलिलिटरमागे 80 मिलिग्रॅम डेक्स्ट्रोज, म्हणजे साखर असते. त्यामुळे ते मणक्यातल्या पाण्याहून जड होतं. आम्ही त्याला 'हेवी'च म्हणतो. केळीच्या बागेत पाणी उताराला धावतं, तसंच हे. बाई उताणी निजली की कमरेचा कणा उंचवटा होतो आणि छातीमागचा भाग खोलगट. औषध तिकडे उतरतं आणि तिथेच थांबतं, कारण पुढे मानेकडे पुन्हा चढ लागतो. छातीपर्यंत बधिरता आम्हाला हवीच असते, पोटाच्या आतलं दुखणंही थांबायला हवं ना! पहिली दहा-वीस मिनिटं टेबलाचा उतार आणि डोक्याखालची उशी यांवर आमचं लक्ष असतं ते यासाठीच. गरोदरपणी कण्यातल्या शिरा फुगून पाण्याची जागा घटते, म्हणून डोसही कमी देतो.

क्वचित बधिरता हवी त्याहून वर जाते. बीपी उतरतं, हातांना मुंग्या येतात, श्वास अपुरा वाटतो. हे मी लपवणार नाही. भूलतज्ज्ञ शेवटपर्यंत उशाशी असतो तो त्यासाठी. ऑक्सिजन, बीपीचं औषध, गरज पडली तर श्वासाची नळी, सगळं हाताशी असतं.

साचत काहीच नाही. औषध रक्तात शोषलं जातं, दोन-तीन तासांत पाय हलू लागतात.

सुईची जागा काही दिवस ठणकते, एवढं खरं. पण पूर्ण बेशुद्ध करून सिझर झालेल्यांचीही कंबर दुखतेच. गरोदरपणात सांधे सैल झालेले असतात, त्यात रात्रंदिवस वाकून पाजणं.

मेसेजमध्ये नसलेला एक त्रास मात्र खरा आहे. टोचलेल्या छिद्रातून पाणी झिरपलं तर उठून बसल्यावर डोकं ठणकतं, आडवं झालं की थांबतं. बारीक सुईने हे बरंच टळतं. तरी झालंच तर अंगावर काढू नका, भूलतज्ज्ञाला कळवा. फारच असलं तर बाईचंच थोडं रक्त पाठीत त्या जागी सोडून छिद्र बुजवता येतं.